दोन बाटल्यांचा आजार

करंजपिंप्री गावात आजार बाटलीने मोजत.

एखादा माणूस आठ दिवस तापाने फणफणला, त्याने अन्न सोडलं, बरळला, तरी पारोळ्याच्या दवाखान्यात त्याला सलाईन लागली नसेल तर गाव त्याला आजारी मानत नसे. 'जराशी कसर व्हती,' एवढंच म्हणत. एक बाटली लागली की शेजारपाजारचे विचारपूस करायला जात. दोन लागल्या की सोयरे एसटीने येत, येताना केळी आणि बिस्किटांचा पुडा आणत. तीन बाटल्यांचा माणूस पुढे वर्षभर ओट्यावर बसून सांगायला मोकळा असे आणि मध्येच त्याला कुणी तोडत नसे. बाटलीत काय असतं हे कुणी विचारलेलं नव्हतं. ती खिळ्याला उलटी टांगतात, तिच्यातून थेंब थेंब पडतो आणि तो दंडात जातो, इतकी माहिती श्रद्धेला पुरेशी होती.

या गावात रुपचंद गुलाब बैसाणे हा आरोग्यसेवक म्हणून एकोणऐंशी साली सायकलवरून आला. बाप गुलाब अमळनेरला तेलाच्या गिरणीत पोती वाहायचा. मुलाने पोतं उचलू नये एवढी एकच इच्छा त्याने धरली आणि ती पुरी झाली. रुपचंदच्या खांद्याला पोत्याऐवजी सरकारी पिशवी आली. वजन थोडं कमी, एवढाच फरक. पिशवीत मलेरियाच्या काचपट्ट्या, हिवतापाच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, पिवळ्या बी-कॉम्प्लेक्सचा डबा आणि भिंतीवर तारीख टाकायला गेरूचा खडा. घरोघर जायचं, कुणाला ताप आहे का विचारायचं, बोटाला सुई टोचून रक्त घ्यायचं आणि भिंतीवर सही ठोकून पुढे व्हायचं. गावातल्या कुठल्याच पुढाऱ्याचं नाव इतक्या भिंतींवर नव्हतं.

रुपचंदचा एक दोष होता. तो खरं सांगायचा. अंगात ताकद नाही म्हणून कुणी आलं की तो विचारायचा, जेवतोस काय? मग सांगायचा की डाळ खा, मेथी खा, शेंगदाणे खा, केळं खा, ताकद येईल. आलेला माणूस खट्टू होऊन जायचा. डाळ आणि मेथी घरी होतीच, त्यासाठी सरकारी माणूस कशाला हवा? तोच माणूस दुसऱ्या दिवशी पारोळ्याला जाई आणि ताकदीची लाल सुई टोचून घेई. सुईने दुखायचं भरपूर. सुईनंतर लघवी पिवळीजर्द व्हायची. अंगातली सगळी उष्णता बाहेर पडली याचा याहून धडधडीत पुरावा काय असणार? शरीराला नको असलेलं औषध शरीर बाहेर टाकतंय, असं रुपचंद समजावायला जाई. लोक त्याच्याकडे दयेने पाहत. नवीन आहे, शिकेल.

त्याच्या घरीही फार वेगळं नव्हतं. त्याची बायको कुंदाबाई सर्दी झाली की त्याला व्हिटॅमिन सीची आंबट गोळी घ्यायला लावी. रुपचंदने वहीत स्वतःच्या सर्दीची नोंद ठेवायला सुरुवात केली. चार वर्षांत चौदा सर्द्या झाल्या. सात त्याने गोळी घेऊन काढल्या, सात न घेता. दिवस मोजले तर दोन्हीकडे जवळपास सारखेच. गोळी घेतली आहे की नाही हे सर्दीला कळत नसावं. त्याने वही कुंदाबाईपुढे ठेवली. ती शांतपणे म्हणाली की ज्या सात वेळा गोळी घेतली नाही, त्या सात वेळा घेतली असती तर लवकर बरं वाटलं असतं. या मुद्द्यावर जळगावच्या प्रशिक्षणात काही शिकवलेलं नव्हतं. रुपचंदने वही मिटली.

मग पुड्या आल्या. हगवणीच्या पुड्या: मीठ, साखर, आणखी दोन क्षार. एका पुडीला एक लिटर पाणी, घोट घोट पाजायचं, एवढंच. पिशवीतल्या सगळ्या मालात हीच वस्तू अशी होती की जिच्यावर रुपचंदचा पुरा विश्वास होता. हगवणीने माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि मीठ गेल्यामुळे. ते तोंडाने परत घातलं तर तो मरत नाही. जे काम गाव बाटलीकडून करून घेत होतं, तेच ही पुडी घरच्या घरी करत होती. दंडात भोक पाडावं लागत नव्हतं. तिची पत नेमकी तिथेच कमी पडत होती.

पुडी लोक घेत, पण तिचं काय करतील याचा नेम नव्हता. कुणी ती लोटाभर पाण्यात कालवून समुद्र करी, तर कुणी हंड्यात टाकून सगळ्या घराला वाटे. वना शेतमजुराच्या बायकोने, ताईबाईने, पोराला ती कोरडीच चाटवली, कारण हगवण लागलेल्याला पाणी द्यायचं नाही हे तिला आईने शिकवलं होतं. "पानी खालथून जाई राह्यनं, नि तू वरथून ओती राह्यना," असं तिने रुपचंदला सुनावलं. बिनतोड होतं.

बरं, पाणी आपण स्वतः कालवून द्यावं, तर तिथे दुसरीच अडचण. रुपचंद बौद्ध वस्तीत राहायचा. त्याच्या हातची गोळी गावात चाले, त्याच्या हातची सुई चाले, तो नाडी बघायला मनगट धरी तेही चाले. पाण्याची गोष्ट वेगळी. तसं कुणी तोंडावर म्हणत नसे. 'ठेवा भाऊ, आम्ही मंग पाजी देसूत' म्हणायचे आणि तो वळला की भांडं उकिरड्यावर रिकामं व्हायचं. उकिरड्याला कधी हगवण लागली नाही.

बाटलीची युक्ती त्याला सुचली ती मापासाठी, दुसऱ्या कशासाठी नाही. आरोग्यकेंद्रामागे रिकाम्या काचेच्या बाटल्या पडलेल्या असत. लोक त्या रॉकेलला न्यायचे. त्यांच्यावर आकडे कोरलेले होते. पाचशेच्या खुणेपर्यंत दोन बाटल्या भरल्या की एक लिटर, म्हणजे एक पुडी. रुपचंदने चांगल्या सहा बाटल्या निवडल्या, रबरी बुचांसकट उकळून काढल्या, आणि गार केलेल्या उकळलेल्या पाण्यात पुडी कालवून त्या भरून न्यायला लागला. पहिल्याच घरी त्याच्या लक्षात आलं की भलतंच काहीतरी घडलं आहे. बाटली पाहताच घरातली माणसं उठून उभी राहिली. म्हातारीने डोक्यावरचा पदर सारखा केला. बाटली खुंटीला टांगायला जागा करून दिली. रुपचंद म्हणाला, ही पिवानी सलाईन शे. आजारी पोराने ती संध्याकाळपर्यंत वाटीवाटीने संपवली आणि शेजारीण विचारपूस करायला आली.

हे खोटं नव्हतं. ती पिण्याचीच सलाईन होती. फक्त बाटलीतलं पाणी कुणाच्या हातचं असा प्रश्न कुणाला पडत नव्हता. बाटली कंपनीची, आणि कंपनीची जात कुणाला माहीत नसते. रुपचंदला ते कळलं होतं. त्याने ते कुणाला सांगितलं नाही. 'रुपचंदभाऊ घरोघर पिवानी बाटली वाटस' ही बातमी तालुक्याला पोचली तेव्हा मासिक बैठकीत साहेबांनी त्याला बाजूला घेऊन देशी की हातभट्टीची, एवढंच विचारलं होतं.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात चुडामण नानांच्या पुतणीचं लग्न झालं. चुडामण पाटील म्हणजे गावातला मोठा माणूस. साठीचे, अंगाने मजबूत, बोलणं थोडं आणि ते शेवटचं. पंगतीला वरण-बट्टी, घोटलेल्या वांग्याची भाजी आणि शेवटी बर्फ घातलेला मठ्ठा होता. बर्फ कुठल्या पाण्याचा होता हे बर्फवाल्यालाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा घरांत हगवण सुरू झाली आणि त्यातलं एक घर नानांचं होतं.

रुपचंद पोचला तोवर नऊ वाजले होते. नाना पडवीत खाटेवर पडले होते. डोळे आत गेलेले, ओठ सुकलेले, पोटऱ्यांत गोळे येत होते. पहाटेपासून वीसेक वेळा उठले होते आणि आता उठवत नव्हतं. रुपचंदने पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. हे लक्षण चांगलं नाही हे त्याला पुरतं माहीत होतं. लघवी केव्हा झाली, असं त्याने विचारलं. नानांच्या बायकोला, भागाबाई अक्कांना, कालची संध्याकाळही आठवेना.

माणूस पारोळ्याला न्यायचा तर गावातला एकुलता ट्रॅक्टर वऱ्हाड सोडायला दोंडाईचाला गेला होता. पारोळ्याचा डॉक्टर धुळ्याला लग्नाला गेला होता आणि उद्या सकाळी यायचा होता. आरोग्यकेंद्राची जीप दुसऱ्या गावच्या हगवणीत अडकली होती. बैलगाडीने नेलं तर वाटेतल्या उन्हात उरलंसुरलं पाणीही जाणार. सकाळी अक्कांनी घरातली एक पुडी लोटाभर पाण्यात कालवून दिली होती. नानांनी एक घोट घेतला आणि ओकून टाकला. मग घरच्यांनी पाणीच बंद केलं.

रुपचंदने गावातल्या आपल्या उपकेंद्रातून दोन भरलेल्या बाटल्या आणल्या. बाकीच्या चार सकाळीच चार घरांत गेल्या होत्या. खांबाच्या खिळ्याला सुतळीने दोन्ही टांगल्या, आणि पडवीतल्या माणसांना जरा हायसं वाटलं. एक चमचा द्यायचा, थांबायचं, पुन्हा एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. नाना डोळे मिटून घोट गिळत होते. तासाभराने चमच्याची वाटी झाली. नानांच्या सुनेचे वडील छगन पाटील दोंडाईचाचे, लग्नासाठी येऊन राहिले होते. ते बाटलीकडे बघत बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कुठवर उतरली ते सांगत राहिले. त्यांना स्वतःला तीन वर्षांपूर्वी तीन लागल्या होत्या, तेही त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

बाराच्या सुमाराला दोन्ही बाटल्या संपल्या. तोंड थोडं ओलं झालं होतं, पण नाडी अजून बारीक होती आणि लघवीचा पत्ता नव्हता. आणखी पाणी लागणार होतं, दुप्पट तरी, आणि आत्ताच. उपकेंद्रात जाऊन, पाणी उकळून, गार करून, पुन्हा यायला दोन तास गेले असते. तेवढा वेळ नानांकडे आहे असं रुपचंदला वाटत नव्हतं.

त्याने अक्कांना विचारलं, घरात उकळलेलं पाणी आहे का? होतं, लग्नाला आलेल्या एका बाळंतिणीसाठी सकाळी उकळून ठेवलेली घागर होती. मग त्याने खिळ्यावरच्या बाटल्या काढल्या आणि खिशातून पुडी काढली.

छगन पाटील पुढे झुकले. "अहो, ही तं पुडी शे. सकाळे अक्कानी दिन्ही तीच."

"हां."

"मंग बाटलीमा काय व्हतं? कंपनीनं पानी नव्हतं?"

पडवीत पंधरावीस माणसं होती. पंख्याने वारा घालणारी सून थांबली. रुपचंदला एक सोपं खोटं जमलं असतं, आणि ते त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण पुडी हातात उघडी होती, आणि हे सगळं आज नाही तर उद्या कळणारच होतं.

"पुडी सरकारनी," तो म्हणाला. "पानी उपकेंद्रमाना माठनं. हात मना."

 एक म्हातारा उठून ओट्यावर जाऊन बसला. छगन पाटलांनी रिकाम्या बाटल्यांकडे असं पाहिलं की जणू त्यांनी दोनदा फसवलं होतं. एकदा कंपनीच्या नसल्याबद्दल आणि एकदा तरीही संपल्याबद्दल. नानांच्या पोटात जे जायचं ते जाऊन चुकलं होतं. ते आता बाहेर काढा म्हणायची सोय नव्हती. जे काही त्या घराला ठरवायचं होतं ते पुढच्या बाटलीपुरतं होतं.

रुपचंदने स्वतःच वाट काढली. अक्कांनी कालवावं, त्याने फक्त माप सांगावं: या खुणेपर्यंत दोन बाटल्या पाणी पातेल्यात, मग एक पुडी. त्याने पुडी अक्कांपुढे धरली. अक्कांचा हात पुढे आला, पण मध्येच थांबला. त्यांची नजर पुडीवर नव्हती, खाटेवर होती. सकाळच्या लोट्यानंतर त्यांना आपल्या हाताची धास्ती बसली होती.

खाटेवरून आवाज आला. बारीक होता, पण होता.

"तिले नको देऊ."

सगळे वळले. नानांनी डोळे उघडले होते.

"इना हातनं मीठ मी चाळीस वरीसपाईन खाई राह्यनू," नाना म्हणाले. "आज मरासारखा शे तं तरी सुटका द्या. रुपचंद, तूच कर."

आधी अक्का हसल्या की रडल्या हे कुणाला नीट कळलं नाही. मग सून हसली, आणि मग पडवीभर हसू फुटलं, मोकळं, थोडं जास्तच. गावाच्या एवढ्या जुन्या रिवाजाला बाजूला सारायला कुणाच्या भाषणाची गरज पडली नाही. भाजीतल्या मिठाने काम भागलं. ओट्यावरचा म्हातारा मात्र आत आला नाही. तो तिथूनच म्हणाला की चुडामणला वात झालाय. नाना म्हणाले, व्हई.

रुपचंदने सगळ्यांदेखत पाणी मापलं, पुडी टाकली, स्वच्छ धुतलेल्या पळीने ढवळलं आणि एक घोट चाखला. आसवांइतकं खारट, जास्त नाही. वाटी नानांच्या ओठांना लावली. नाना प्याले. मग त्या दोन बाटल्या परत भरून खिळ्याला टांगल्या, कारण छगन पाटलांना त्या टांगलेल्या बऱ्या वाटत होत्या. त्यानंतर आणखी दोन भरल्या. उन्हं कलती होईतो आकडा सहावर गेला होता आणि छगन पाटील आपल्या तीन बाटल्यांबद्दल बोलेनासे झाले होते.

पाचच्या सुमाराला नानांनी उठवायला सांगितलं. दोघांनी धरून परसात नेलं. परत आले तेव्हा सून ओसरीवरून ओरडली नाही, पण पाच मिनिटांत सगळ्या गावाला कळलं की नानांना लघवी झाली. इतक्या आनंदाने ही बातमी त्या गावात पूर्वी कुणाच्या बाबतीत फिरली नव्हती. रुपचंद भिंतीला टेकून बसला. सकाळपासून त्याने स्वतः पाणी प्यायलं नव्हतं, हे त्याला तेव्हा आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारोळ्याचा डॉक्टर स्कूटरवरून आला. नाना खाटेवर बसून मऊ खिचडी खात होते. डॉक्टरने जीभ पाहिली, पोट दाबलं, आणि आलोच आहोत तर म्हणून ताकदीची लाल सुई टोचली. दुपारी नानांची लघवी पिवळीजर्द झाली. आठवडाभरात गावात नक्की झालं की सहा बाटल्यांनी नानांना धरून ठेवलं, पण बरं केलं ते सुईने. रुपचंदने हे ऐकलं. सर्दीच्या वहीचा अनुभव गाठीशी असल्यामुळे त्याने कुणाशी वाद घातला नाही. त्या हगवणीत गावातलं एकही माणूस दगावलं नाही, हा आकडा त्याने महिन्याच्या अहवालात लिहिला. त्या रकान्यात शून्य लिहिताना त्याचं अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं होतं.

पंधरा दिवसांनी नाना काठी टेकत उपकेंद्रात आले. एकटेच. उपकेंद्र म्हणजे एक खोली, एक टेबल, एक बाक, कोपऱ्यात माठ. नाना बाकावर बसले, छपराकडे पाहिलं, भिंतीवरच्या कुटुंब नियोजनाच्या चित्राकडे पाहिलं आणि म्हणाले की अंगात ताकद नाही. पायऱ्या चढताना पाय थरथरतात. ताकदीची गोळी पाहिजे.

रुपचंदने आपलं नेहमीचं सांगितलं. डाळ खा, केळी खा, दूध प्या. एवढ्या हगवणीनंतर अशक्तपणा राहतोच, अजून आठ दिवसांत आपोआप जाईल. ही पिवळी गोळी तुम्हाला काही करणार नाही. ज्याच्या जेवणात कमी आहे त्याला तिचा उपयोग. तुमच्या घरात कसली कमी?

नानांनी सगळं ऐकून घेतलं.

"तू सांगस ते खरं व्हई," ते म्हणाले. "पन तू दे."

रुपचंदने डबा उघडून एक गोळी दिली. नानांनी ती तळहातावर घेतली, उलटसुलट करून पाहिली. बाहेर चौकात चार माणसं पिंपळाखाली बसली होती आणि उपकेंद्राचं दार सताड उघडं होतं. रुपचंद उठून दार लोटायला गेला.

"ऱ्हाऊ दे उघडं," नाना म्हणाले. "वारा येस. पानी दे."

 मग त्याने माठातलं पाणी लोट्यात घेतलं आणि समोर धरलं. वर धरून ओतायचं की हातात द्यायचं हे त्याचं ठरेपर्यंत नानांनी लोटा घेतलाही होता. गोळी जिभेवर टाकून त्यांनी मान वर केली आणि अर्धा लोटा रिकामा केला. चौकातली माणसं इकडेच पाहत होती.

बी-कॉम्प्लेक्सचा कुणाला काय उपयोग होतो याबद्दल रुपचंदची मतं ठाम होती. त्या दिवसापासून ती थोडी सैल झाली.

नानांनी मिशा पुसल्या. घसा खाकरला. गोळीकडे पाहिल्यासारखं कुठेतरी पाहिलं.

"अडकनी वाटस घशामा," ते म्हणाले, बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात. "आखो एक लोटा दे."